सशाचा डावा डोळा

लोकरीच्या डब्यात गुलाबी गुंडा शोधता शोधता मनोरमाबाईंच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर पांढरी प्लॅस्टिकची चकती. शर्टाच्या बटणाएवढी, मधोमध भोक. ती कशाची, हे क्षणभर त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा त्या होत्या तशाच पलंगाच्या कडेवर टेकल्या.

खेळण्यातल्या सशाला लावायचे डोळे बाजारात तयार मिळतात. पुढे काळाभोर चकचकीत मणी, मागे छोटीशी दांडी. दांडी विणीतून आत घालायची आणि आतल्या बाजूने तिच्यावर ही चकती कट्‌कन आवाज येईपर्यंत दाबायची. एकदा बसली की मोठ्या माणसालाही डोळा उपटता येत नाही. मनोरमाबाईंनी भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून एकाच जोडीचं पाकीट आणलं होतं. त्यातली एक चकती आत्ता त्यांच्या तळहातावर होती. म्हणजे सशाचा एक डोळा नुसत्या विणीच्या भरवशावर होता. आणि ससा होता तिकडे उत्तनजवळच्या चौक गावात, शॅननच्या दहा महिन्यांच्या डॅरेनपाशी. त्याला दात येत होते आणि हाताला लागेल ते तो तोंडात कोंबत होता.

"अहो," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली.

पंढरीनाथ पेपर घेऊनच आत आले. सगळं ऐकून त्यांनी चकती चष्म्याजवळ नेली. "एखादी जास्तीची दिली असेल. शर्टाला नाही का जास्तीचं बटण देत? तू उगाच जीव खाऊ नकोस स्वतःचा."

"जास्तीची नव्हती हो. मी स्वतः पाकीट फोडलंय."

"मग फोन कर शॅननला. मिटला प्रश्न."

त्यांनी केला. वाजून वाजून बंद झाला. शॅनन मीरा रोडच्याच एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. मनोरमाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायाम करवून घ्यायला ती घरी यायची आणि येता येता घरचीच होऊन गेली होती. तिचा नवरा मेल्विन बोटीवर. ती कामावर असली की डॅरेन चौकला सासूपाशी, एव्हलिनपाशी असायचा. एव्हलिनचा नंबर मनोरमाबाईंकडे नव्हता. तो घ्यावा असं कधी वाटलंही नव्हतं.

डोळे बसवले तो दिवस त्या आठवू लागल्या. आठवायला फार लांब जावं लागलं नाही. त्या दिवसातलं सगळंच अंगावर कोरल्यासारखं होतं.

तो ससा मुळात डॅरेनसाठी नव्हताच. स्वप्नालीला, त्यांच्या सुनेला, दिवस गेले तेव्हा मनोरमाबाईंनी तो सुयांवर घातला होता. मऊ, दुधासारख्या पांढऱ्या लोकरीचा. धड झालं, पाय झाले, एक कान झाला, आणि सहाव्या महिन्यात ते बाळ गेलं. मनोरमाबाईंनी अर्धा ससा सुयांसकट पिशवीत कोंबून कपाटावर टाकला. नंतर कितीतरी महिने घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. त्याविषयीच काय, कशाविषयीच फारसं कुणी बोलेनासं झालं. मुलगा, कौस्तुभ, ऑफिसात जास्त वेळ थांबू लागला. स्वप्नाली मागच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायची, वेळेवर जेवायची, विचारलं तर "ठीक आहे आई" म्हणायची. त्या "ठीक आहे"ला धक्का लावायची मनोरमाबाईंची छाती झाली नाही.

मग एक दिवस स्वप्नालीनेच स्टुलावर चढून ती पिशवी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "शॅननच्या डॅरेनला पूर्ण करून द्या. असा अर्धवट बघवत नाही मला." एवढंच बोलली आणि आत गेली.

मनोरमाबाईंनी तो पूर्ण केला. डोक्याच्या आत बोट घालून एक डोळा बसवला, कट्‌कन वाजला. दुसऱ्याची दांडी विणीतून आत घातली आणि मान वर केली, तर स्वप्नाली दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. सशाकडे बघत होती. मनोरमाबाईंना चोरी पकडल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईने कापूस भरला, गळ्याचा दोरा ओढला आणि "चहा टाकू का गं?" असं काहीतरी विचारलं. दुसऱ्यांदा कट्‌कन वाजलं होतं का? आता कान टवकारून कितीही आठवलं तरी तो आवाज येत नव्हता.

त्यांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. उचलत नाही म्हणजे पेशंटजवळ असेल. की उचलत नाही म्हणजे काही झालंय? जे पोर आलंच नाही त्याच्या नावाने घातलेले टाके आपण दुसऱ्याच्या हसत्याखेळत्या पोराच्या हातात दिले. असलं काही मनोरमाबाई मानत नसत. पण न मानणाऱ्या माणसालाही अशा वेळी हे सुचायचं राहत नाही.

त्या उठल्या आणि ज्या दारावर त्या इतके महिने टकटक करायला कचरत होत्या ते दार सरळ ढकलून आत गेल्या.

"स्वप्नाली, माझ्या हातून फार वाईट चूक झालीय."

स्वप्नालीने कानातले हेडफोन काढले. चकती पाहिली. मनोरमाबाईंचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी दारात उभी होते तेव्हा ना?"

मनोरमाबाई नाही म्हणायला गेल्या, आणि मान हो अशी हलली.

स्वप्नालीने लॅपटॉप मिटला. "चला. कपडे ठीक आहेत तुमचे, असंच निघू."

जिना उतरता उतरताच तिने इस्पितळात फोन केला. शॅनन वॉर्डात होती. निरोप देतो म्हणाले. खाली रिक्षावाला चौक म्हटल्यावर मान हलवू लागला. "उधर से वापसी का सवारी नहीं मिलता मॅडम."

"वापस भी आपके साथ ही आएंगे. चलो ना भैया, बच्चे का मामला है."

बच्चे का मामला. किती सहज म्हणाली ती. मनोरमाबाईंनी तिच्याकडे चोरून पाहिलं. स्वप्नाली समोर रस्त्याकडे बघत होती, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून.

उड्डाणपुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे भाईंदरच्या बाजारात हातगाड्यांमधून रिक्षा मुंगीच्या पावलाने सरकत होती. मनोरमाबाई पायाने सारखा ब्रेक दाबल्यासारखं करत होत्या. मुर्धा गेलं, राई गेलं, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली आणि वारा आत घुसला, तेव्हा शॅननचा फोन आला. स्वप्नालीने स्पीकरवर टाकला.

"आंटी, मी घरी लावतेय फोन, मम्मी उचलतच नाहीयेत!" शॅननचा आवाज धावत्या माणसासारखा होता. "त्या फोन आत ठेवतात आणि बाहेर मासळीपाशी असतात. कुठला डोळा? सकाळी मी निघाले तेव्हा होता का... मी बघितलंच नाही आंटी. मी पण निघतेय. तुम्ही आधी पोचाल."

"शॅनन, बाळा, मला माफ—" मनोरमाबाई म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

मिठागरं मागे पडत गेली. मग रिक्षाच्या आवाजातूनच स्वप्नाली म्हणाली, "त्या दिवशी मी तो मागायला आले होते, आई."

"काय?"

"ससा. देऊ नका म्हणणार होते. मीच द्या म्हटलं होतं, आणि मग तुम्ही डोळे लावत होतात तेव्हा वाटलं, नको, आपल्याच घरात राहू दे. तुम्ही इतक्या घाईने मिटवलात त्याला, की मला वाटलं तुम्हाला मी तिथे नकोय."

मनोरमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं, तुला त्रास होईल म्हणून मिटवला मी."

"माहितीय. आत्ता माहितीय."

चौकला रिक्षा चर्चच्या पुढच्या वळणावर थांबली. पुढे गल्ली अरुंद होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, वास नाकात भरत होता. मनोरमाबाईंचा गुडघा दुखत होता, पण त्या स्वप्नालीच्याही पुढे चालल्या. निळ्या रंगाच्या घराच्या ओट्यावर एव्हलिन सुपात सुका जवळा निवडत बसली होती. अंगाने आडवी, केसांचा घट्ट अंबाडा. शॅननच्या लग्नानंतर एकदाच दोघींची भेट झाली होती, तरी तिने लगेच ओळखलं.

"आवो, तुमी? या या. काय झायला?"

"डॅरेन कुठाय?"

"आत निजलाय. आत्ताच निजला, किती रडवलान मना."

"रडत होता? का?"

"दातांनी. आनि काय." एव्हलिनचं हसू मावळलं. "काय झायला, सांगा तरी."

स्वप्नाली तोवर उंबरा ओलांडून आत गेली होती. मनोरमाबाई मागोमाग. खाली गादीवर डॅरेन पालथा झोपला होता. सशाचा कान त्याच्या तोंडात होता, थुंकीने ओला चिंब. स्वप्नालीने हलकेच ससा सरकवून त्याचं तोंड वळवलं.

उजवा डोळा चकाकत होता. डाव्या डोळ्याच्या जागी वीण नुसती ताणलेली, आणि त्यातून कापसाचा एक तंतू बाहेर आलेला.

वाटेत मनोरमाबाईंनी ही भीती इतक्यांदा मनात पाहिली होती की प्रत्यक्ष दिसल्यावर ओरडायलाही त्यांना सुचलं नाही. त्या खाली बसल्या आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वरखाली होत होती. श्वास चालू होता. घरघर होती का? होती असं वाटलं. मग वाटलं, ती आपल्याच छातीतली.

एव्हलिनला सगळं कळलं तेव्हा तिने पोराला झटकन उचललं. तो दचकून उठला आणि त्याने गल्लीभर ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. मग ती मनोरमाबाईंवर उलटली.

"पोराला खेलनं द्याचं तर आदी ओढून बगाचं न्हाय? तुमी शिकलेली मानसं ना?"

"चूक झाली माझी," मनोरमाबाई म्हणाल्या. "खरंच झाली."

"चूक झाली म्हनून काय फायदा हाय आता?"

गादी झटकली, उशी उसवून झाली, कपाटाखाली केरसुणी फिरली. स्वप्नाली ओट्यावर रांगत फटी बघत होती. जवळ्याचं सूपसुद्धा एव्हलिनने चाळून पाहिलं. डोळा कुठेच नव्हता. डॅरेन रडून रडून लाल झाला होता, आणि त्या गोंधळात तो एव्हलिनच्या कडेवरून स्वप्नालीकडे झेपावला. तिच्या गळ्यातल्या साखळीसाठी असेल. तिने त्याला घेतलं. मनोरमाबाई पाहतच राहिल्या. वर्षभरात शेजारच्या कुणाच्या बारशालाही ती गेली नव्हती. तिचे हात आधी काठीसारखे ताठ होते. मग त्याने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं तसे ते वाकले.

"डॉक्टर कुठे आहेत इथे?" तिने विचारलं. "शोधण्यात वेळ नको घालवायला."

रिक्षा वळणावर उभीच होती. तिघी बायका आणि पोर त्याच रिक्षातून उत्तनच्या दवाखान्यात आले. डॉक्टर म्हातारे होते, घाईत अजिबात नव्हते, आणि त्यांची तीच गोष्ट मनोरमाबाईंना सोसवेना. त्यांनी पोराचा घसा टॉर्चने पाहिला. छातीला पुढून मागून नळी लावली. परत लावली. दवाखान्यातला पंखा तेवढा कुरकुरत होता.

"श्वास स्वच्छ आहे. छातीत काही अडकलेलं नाही," ते म्हणाले. "गिळला असेल तर पोटात गेलाय. एक्स-रे फोटोत प्लॅस्टिक दिसायचं नाही. केवढा आहे तो?"

स्वप्नालीने पर्समधून ससा काढला. तो तिने कधी घेतला होता, मनोरमाबाईंना कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी उजवा डोळा उपटून बघितला; तो हलेना. शेवटी कात्रीने कापून काढला आणि दांडीचं टोक अंगठ्यावर दाबून पाहिलं.

"बोथट आहे. आपोआप बाहेर यायला हवा. दूध पाजा, नेहमीचं खायला द्या. उलट्या झाल्या, ताप आला, पोट फुगलं, लाळ गळायला लागली, तर माझी वाट बघू नका, थेट मोठ्या इस्पितळात न्या. आणि लंगोट रोज नीट तपासा. बाहेर पडलेला दिसेपर्यंत तपासा."

स्वप्नालीने वाटेतूनच फोन केल्यामुळे शॅनन थेट दवाखान्यात पोचली, तेव्हा सगळे बाकावर रांगेत बसलेले होते. तिने डॅरेनला जवळजवळ हिसकावूनच घेतलं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. एव्हलिन उठून भिंतीला टेकून उभी होती. तिचा मघाचा तोरा पार गेला होता.

"शॅनन, मी बगत व्हते गो त्याच्याकडं. खरंच बगत व्हते. कवा त्यानं तोडलान, मना कललाच न्हाय..."

मनोरमाबाईंना तेव्हा उमगलं, ही बाई मघाशी आपल्यावर एवढी का ओरडली ते. त्याही उठून तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोन सासवा, एका सुनेपुढे.

"यांचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "बोलायचं ते मला बोल."

शॅननने दोघींकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. "आता कुणालाच काही बोलायची ताकद नाहीये माझ्यात. मम्मी, घरी चला. आंटी, तुम्ही पण घरी जा. मी कळवते."

तिने रागावून चार शब्द सुनावले असते तर मनोरमाबाईंना हलकं वाटलं असतं. तसं काही न घडता त्या घरी आल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. पंढरीनाथ त्यांना पुन्हा पुन्हा सांगत, डॉक्टर म्हणालेत ना. त्या हो म्हणत आणि घास तोंडाशी नेऊन परत ठेवत. फोन वाजला की त्या स्वयंपाकघरात निघून जात. म्हणून फोन स्वप्नालीच घेई. तिने एव्हलिनचा नंबर घेतला होता, आणि दिवसातून कितीतरी वेळा मागच्या खोलीतून तिचं बोलणं ऐकू येई. ताप? नाही ना? दूध प्यायला? मग ती बाहेर येऊन सांगे, "खेळतोय, आई." त्या खोलीचं दार आता उघडंच राहत होतं. पहिल्याच संध्याकाळी कौस्तुभ आला तेव्हा तिने त्याला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगितली, सशाच्या पहिल्या टाक्यापासून. तो ऐकत बसला. मग दोघं गच्चीवर गेली आणि खूप वेळाने खाली आली. दोघांचे डोळे सुजलेले होते. मनोरमाबाईंनी आमटी पुन्हा गरम केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी होत असतानाच फोन आला. स्वप्नालीने उचलला, ऐकलं, आणि स्पीकर लावून तो मनोरमाबाईंच्या हातातच दिला.

"आयला! बाय, आयला बाहेर!" एव्हलिन ओरडत होती. मागे कॅजिटनचं, तिच्या नवऱ्याचं, गडगडाटी हसू. "कॅजिटन बोलतो, पोरानं मोती टाकलान! धुवून ठेवलाय, पायजे काय तुमाला?"

"नको हो! फेकून द्या!" मनोरमाबाई म्हणाल्या आणि गॅसपुढे उभ्या उभ्याच ढसाढसा रडू लागल्या. पंढरीनाथांनी येऊन गॅस बंद केला.

"आनि आयका," एव्हलिनचा आवाज खाली आला. "मी त्या दिवशी लय बोलले तुमाला. इसरा. पन त्याचा ससा पाठवा. घरभर शोधतंय पोर. दुसऱ्या खेलन्याला हात लावीत न्हाय."

फोन ठेवल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या, "मी नाही परत देणार. माझा आता माझ्या हातांवर भरवसा नाही."

"द्यायचाय," स्वप्नाली म्हणाली. तिने ससा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. लोकर धुऊन वाळवलेली होती. ते काम तिने कधी उरकलं होतं कोण जाणे. "डोळे लावायचेच नाहीत. काळ्या दोऱ्याने भरा."

मनोरमाबाईंनी सुई ओवली. पहिला डोळा तिरका झाला, उसवून पुन्हा भरला. स्वप्नाली या खेपेला दारात थांबली नाही. त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. दुसरा डोळा पुरा होताच तिने ससा घेतला, दोन्ही कान धरून खच्चून ओढले. मग शेपूट. मग चक्क डोळ्यापाशी दात रोवले आणि मान मागे नेत ओढू लागली.

"अगं, वीण उसवेल! काय करतेस!"

"डॅरेन हेच करणार आहे," ती तोंडातली लोकर काढत म्हणाली, आणि हसली. "काही नाही निघालं. पण नाकाला अजून दोन टाके घाला, ते जरा सैल लागलं जिभेला."

मनोरमाबाईंनी ससा परत घेतला आणि नाकाला दोन नाही, चार टाके घातले. दुपारी जेवणं झाल्यावर दोघी भाईंदर पश्चिमेहून चौकच्या बसमध्ये बसल्या.